ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' केला म्हणजे सेन्सॉरशिप झाली का? चिमूरपासून व्हॉट्सॲपपर्यंतची गोष्ट, सोप्या भाषेत

मागच्या महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोराने पेपरचं कात्रण टाकलं. नळयोजनेची टाकी बांधून दोन वर्षं झाली पण नळाला थेंब नाही, अशी बातमी, तालुक्याच्या पानावर खाली कोपऱ्यात आलेली. दहा मिनिटांत कात्रण डिलीट आणि ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल अशी सेटिंग. संध्याकाळी पानठेल्यावर हाच विषय. एक जण म्हणे, "हे तं सरळ सरळ इमर्जन्सी हाय." दुसरा म्हणे, "कायची इमर्जन्सी बाप्पा, पेपरात छापून आलं ना? मंग स्वातंत्र्य हायच की." तिसऱ्याने मोबाईल काढून दाखवलं की प्रेस स्वातंत्र्यात २०२५ च्या यादीत जगात आपला नंबर १५१ वा आहे म्हणते, मग त्यावर वेगळाच वाद, की हा नंबर देणारे कोण आणि त्यांना काय माहीत आपलं. बाकावर बसलेले एक म्हातारे काका तेवढं ऐकून घेऊन म्हणाले, "चिमूरची बातमी कशी दाबली होती, मालूम हाय का तुमाले, पोट्टेहो?"

कोणालाच माहीत नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर आमच्यापासून एसटीने तासाभरावर.

मी आठ वर्षं एका पेपरला गावाकडून बातम्या पाठवल्या आहेत, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे आणि त्या संध्याकाळी जे तिथे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो आहे, थोडं लांब होईल पण वाचा.

आधी शब्द समजून घेऊ

सेन्सॉर हा शब्द प्राचीन रोमचा. तिथे 'सेन्सॉर' नावाचा अधिकारी असायचा, त्याच्याकडे दोन कामं, एक लोकांची मोजदाद करायची आणि दुसरं लोकांच्या वागण्यावर नजर ठेवायची. जनगणनेला इंग्रजीत सेन्सस म्हणतात तो शब्दही त्याच घराण्यातला. म्हणजे माणसं मोजणारा आणि माणसांना वळण लावणारा एकच. पुढे मोजायचं काम वेगळं झालं आणि सेन्सॉर म्हटलं की नजर ठेवणारा, अडवणारा, एवढाच अर्थ उरला.

आपल्या पूर्व विदर्भात मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव, त्यांच्यावर धानाची शेती चालते. तलावाच्या गेटवर जो बसतो त्याने गेटच उघडलं नाही तर खालच्या वावरात पाणी पोचतच नाही, आणि मुख्य म्हणजे खालच्याला कळतही नाही की तलावात पाणी होतं की नव्हतं. ही झाली पूर्वतपासणी, म्हणजे छापायच्या आधीच सरकारी माणसाला दाखवा, तो म्हणेल ते काढून टाका. दुसरा प्रकार असा, की पाणी येऊ दिलं पण मग ते सोडणाऱ्याला पकडून नेलं. म्हणजे छापा, नंतर केस, दंड, तुरुंग. आणि तिसरा प्रकार सगळ्यात जास्त चालतो पण दिसत नाही, तो म्हणजे दोनचार जणांना पकडून नेलेलं पाहून बाकीचे आपणहून गेटला हात लावत नाहीत.

हे तीन प्रकार डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

इंग्रजांच्या काळात काय काय करून पाहिलं

भारतातला पहिला छापील पेपर १७८० साली कलकत्त्यात हिकी नावाच्या इंग्रजाने काढला. तो कंपनीच्या मोठ्या साहेबांवर लिहायचा, त्याला तुरुंगात टाकलं आणि १७८२ मध्ये त्याचा छापखाना जप्त केला. म्हणजे आपल्याकडे पेपर आणि पेपरवरची कारवाई ह्या जवळपास जुळ्या बहिणी. १७९९ मध्ये लॉर्ड वेलस्लीने पूर्वतपासणी आणली, १८३५ मध्ये मेटकाफने बंधनं बरीच सैल केली. मधे ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, म्हणून ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन करतो.

तुमच्या घरी आजचा पेपर असेल तर शेवटच्या पानावर खाली बघा. बारीक अक्षरात एक ओळ असते, हे पत्र अमुक मालकांसाठी अमुक मुद्रक प्रकाशकांनी अमुक पत्त्यावर छापून प्रसिद्ध केलं. कोणी वाचत नाही ती ओळ. पण ती १८६७ च्या कायद्यापासून चालत आली आहे. सत्तावनचा उठाव होऊन दहाच वर्षं झाली होती, आणि सरकारला माहीत असायला पाहिजे होतं की छापलं कोणी आणि पकडायचं कोणाला. तो कायदा थेट २०२३ मध्ये नवा कायदा होईपर्यंत चालला. मला स्वतःला ही ओळ वाईट वाटत नाही, उलट लिहिणाऱ्याचं नाव-पत्ता असावाच, निनावी बदनामीला त्याने आळा बसतो. फक्त कायदे करताना सरकारच्या मनात काय असतं ते त्यातून दिसतं.

मग १८७८ चा देशी भाषांचा प्रेस कायदा, लॉर्ड लिटनचा. ह्यात इंग्रजी पेपर मोकळे आणि मराठी, बंगाली, हिंदी पेपरांवर बंधन. कलेक्टरसारखा अधिकारी मुद्रकाकडून हमी लिहून घेणार, पैसे ठेवून घेणार, आणि कारवाई झाली तर कोर्टात दाद मागायची सोय नाही. भीती कोणाची होती ते लक्षात घ्या. साहेबाच्या भाषेत साहेबावर टीका केली तर ती दोनशे लोक वाचणार, पण गावच्या भाषेत लिहिलं की एक जण पारावर बसून वाचतो आणि पन्नास जण ऐकतात. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने तर जवळपास रातोरात पेपर इंग्रजीत केला आणि कायद्यातून सुटली. पुढे रिपनने तीनचार वर्षांतच तो कायदा काढून टाकला.

राजद्रोहाचं कलम १८७० चं, १२४ अ. टिळकांना त्याखाली १८९७ मध्ये १८ महिने आणि १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांसाठी सहा वर्षं, मंडालेला. हे सगळ्यांना शाळेत शिकवतात. आपल्या नागपूरचं मात्र कोणी शिकवत नाही. त्याच सुमारास नागपूरहून 'देशसेवक' निघायचं, त्याचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनाही राजद्रोहात शिक्षा झाली, आणि नागपूरहूनच 'हिंदी केसरी' काढणारे माधवराव सप्रे १९०८ मध्ये पकडले गेले. म्हणजे ही पुण्या-मुंबईचीच गोष्ट होती असं नाही.

१९१० चा कायदा आणखी हुशारीचा. छापखाना सुरू करायचा तर आधी सरकारकडे जामीन रक्कम भरा, काही आवडलं नाही तर रक्कम जप्त, पुन्हा सुरू करायचं तर आणखी मोठी रक्कम. समजा तुम्ही वावरात बैल नेला आणि कोणी म्हणालं आधी पाच हजार भर, बैलाने शेजाऱ्याच्या धुऱ्यावर तोंड घातलं तर ते जातील, आणि तोंड घातलं की नाही ते मीच ठरवणार, शेजारी नाही. तुम्ही बैल न्याल का वावरात? नाही नेणार. तिसरा प्रकार म्हणालो तो हाच, कोणाला पकडायची गरजच पडत नाही.

चिमूर

आता काकांचा प्रश्न. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. 'चले जाव'चा ठराव होऊन आठवडा झाला होता, नेते सगळे आत. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या भजनांनी ह्या पट्ट्यातली गावंच्या गावं आधीच जागी झाली होती, महाराजांनाही त्याच ऑगस्टमध्ये अटक करून पुढे नागपूर आणि रायपूरच्या जेलमध्ये ठेवलं. चिमूरला मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. मग जमाव भडकला आणि काही सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही असंच घडलं.

इथपर्यंतचं भाषणात ऐकायला मिळतं. पण पुढचं फार महत्त्वाचं आहे. काही दिवसांनी फौज आली. पुरुषमंडळी पकडून नेली, गावावर सामुदायिक दंड बसवला, आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले अशा तक्रारी बायकांनीच पुढे येऊन सांगितल्या. त्या काळात, त्या समाजात, बाईने असं तोंडाने सांगणं म्हणजे किती मोठी गोष्ट. सरकारने चौकशी नाकारली.

सेवाग्राम आश्रमात प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी राहायचे. ते म्हणाले चौकशी करा. त्यासाठी दिल्लीला गेले, तिथे आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते, त्यांच्याकडे मागणी केली. तिथून भन्साळींना परत पाठवलं. मग त्यांनी नोव्हेंबरात उपास धरला. एक आठवडा नाही, दोन नाही, ६३ दिवस.

आणि सरकारने काय केलं? मध्य प्रांताच्या सरकारने चिमूरच्या आणि ह्या उपासाच्या बातम्या छापायलाच बंदी घातली. माणूस उपासाने मरणाच्या दारात आहे, कशासाठी बसला आहे तेही कोणाला कळू द्यायचं नाही. कारण चौकशीच्या मागणीला उत्तर देण्यापेक्षा मागणी लोकांपर्यंत पोचूच न देणं सोपं होतं. गेट बंद.

तेव्हा देशभरच्या संपादकांच्या संघटनेने ठरवलं की आता आम्हीही तुमचं छापणार नाही. सरकारी परिपत्रकं नाही, नववर्षाच्या पदव्यांची यादी नाही, सरकारातल्या साहेबांची भाषणं नाही. आणि ६ जानेवारी १९४३ ला बऱ्याच वर्तमानपत्रांनी एक दिवस पेपरच काढला नाही. ६ जानेवारी, 'दर्पण' निघालं तीच तारीख, १११ वर्षांनंतर. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावच्या बायकांची बातमी दाबली म्हणून दूरदूरच्या शहरांत सकाळी पेपर आला नाही, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती. १२ जानेवारीला तडजोड झाली, उपास सुटला आणि बातम्यांवरची बंदीही उठली.

प्रेस स्वातंत्र्य म्हणजे पत्रकारांचा काहीतरी खास मान असं ज्यांना वाटतं त्यांनी चिमूर आठवावं. त्यात पत्रकारांचं स्वतःचं काय गेलं होतं? गेलं होतं चिमूरच्या बायकांचं. त्यांचं म्हणणं चार लोकांपर्यंत पोचायचा रस्ताच बंद केला होता.

स्वातंत्र्य आलं, मग प्रश्न मिटला ना?

अर्धा मिटला. संविधानात कलम १९ मध्ये बोलण्याचं आणि मत मांडण्याचं स्वातंत्र्य आलं. पण गंमत बघा, म्हणजे गंभीर गोष्टच आहे ही, आपल्या संविधानात प्रेसचं वेगळं कलम नाही. बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं होतं की संपादक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणूनच आपला हक्क वापरतो, त्याच्यासाठी वेगळं काही लिहायची गरज नाही. याचा अर्थ आज असा निघतो, की मोठ्या चॅनेलच्या अँकरला जेवढा हक्क आहे तेवढाच आमच्या गावात कात्रण टाकणाऱ्या पोराला आहे. कमीही नाही, जास्तही नाही.

१९५० मध्येच सुप्रीम कोर्टाने दोन निकाल देऊन सरकारची बंदी आणि पूर्वतपासणी रद्द केली. लगेच १९५१ मध्ये सरकारने पहिली घटनादुरुस्ती केली आणि स्वातंत्र्यावरच्या मर्यादा वाढवल्या. म्हणजे ओढाताण पहिल्या दिवसापासून आहे आणि पक्ष कोणताही असो, खुर्चीत बसलं की पेपर टोचतोच.

एक मराठी केस तर ह्या विषयात देशभर शिकवतात, पुण्याच्या 'सकाळ'ची. सरकारने नियम केला होता की पेपरची जितकी पानं तितकी ठरलेली किंमत घ्यायची, कमी घ्यायची नाही. कारण सांगितलं की मोठे पेपर लहान पेपरांना गिळतात. दिसायला चांगलं. पण त्याने काय व्हायचं, किंमत वाढवली की वाचक तुटणार, पानं कमी केली की बातम्या तुटणार, दोन्हीकडून वाचकाचंच जाणार. सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये तो कायदा रद्द केला. एकही शब्द न खोडता पेपरची मान कशी आवळता येते, ते त्या केसमुळे सगळ्यांना समजलं.

पंच्याहत्तर साल

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. दिल्लीत जिथे पेपरांचे छापखाने आहेत तिथली वीजच तोडली, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी बरेच पेपर निघालेच नाहीत. मग पूर्वतपासणी. 'इंडियन एक्सप्रेस'ने २८ जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली. चार वृत्तसंस्था होत्या, त्या एकत्र करून 'समाचार' नावाची एकच केली, म्हणजे चार विहिरी बुजवून एक नळ. बीबीसीच्या मार्क टुलींना देश सोडावा लागला. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष म्हणून लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या, पुढे त्यांना अटक झाली.

गावात त्याचा अर्थ काय होता? नसबंदीचं टार्गेट. जबरदस्तीच्या बातम्या छापू नका असे आदेश होते. तुमच्या गावात जे होतं ते दुसऱ्या तालुक्यात होतं की नाही ते कळत नाही, त्यामुळे प्रत्येक गावाला वाटतं की आपल्यावरच वेळ आली आहे. एकटं पाडणं हे सेन्सॉरशिपचं सगळ्यात मोठं काम आहे असं माझं मत आहे.

मुंबई हायकोर्टाने त्या काळातही एका केसमध्ये सांगितलं की सेन्सॉर अधिकाऱ्याने फक्त सरकारवर टीका आहे म्हणून लेख अडवायचा नसतो. आणीबाणीत असं लिहायला जज्जकडे किती हिंमत पाहिजे.

"मंग काय, कोणीही काहीही लिहायचं का?"

पानठेल्यावर हा प्रश्न आलाच, आणि प्रश्न बरोबर आहे. उत्तर, नाही. संविधानात मर्यादा लिहून ठेवल्या आहेत, देशाची सुरक्षा आणि अखंडता, परदेशाशी संबंध, सार्वजनिक शांतता, सभ्यता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. ह्या यादीच्या बाहेरचं कारण चालत नाही. "सरपंचाला वाईट वाटलं" हे त्या यादीत नाही. "योजनेची बदनामी होते" हेही नाही.

आमच्याकडे ताडोबा जवळ असल्याने वाघाच्या अफवा फार. कुठला तरी जुना व्हिडिओ, कुठल्या तरी राज्यातला, "आत्ताच आपल्या फाट्यावर" म्हणून फिरतो, बाया वावरात जायच्या बंद होतात, निंदण राहून जातं. असं मुद्दाम पसरवणाऱ्यावर कारवाई व्हावी, त्याला मी सेन्सॉरशिप म्हणणार नाही. पण याला उपाय म्हणून कोणी सांगितलं की वाघाबद्दल कोणीच काही टाकायचं नाही, तर खरा वाघ आला त्या दिवशी माणूस मरेल. अफवेवर औषध खरी बातमी लवकर मिळणं हेच आहे.

इंटरनेट बंद करण्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली तेव्हा नेट बंद ठेवलं होतं. दंगलीत काही काळ असं करावं लागतं हे मला समजतं. पण सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्येच सांगितलं आहे की असा आदेश लेखी पाहिजे, जाहीर केला पाहिजे, आणि बेमुदत ठेवता येणार नाही. म्हणजे अडवायचं तर तोंड दाखवून, कारण लिहून, तारीख टाकून अडवा, आणि अडवलेल्याला कोर्टात जाता आलं पाहिजे. चिमूरच्या वेळी नेमकं हेच नव्हतं.

फेसबुक पोस्टवरून पकडायचं एक कलम होतं, ६६ अ. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या पोस्टवरून अटक झाली, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने फक्त लाइक केलं होतं. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं, कारण त्यातले शब्द इतके मोघम होते की कोणालाही पकडता येत होतं. राजद्रोहाच्या कलमाला २०२२ मध्ये कोर्टाने स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण देशाची एकता आणि सार्वभौमत्व धोक्यात आणण्याचं कलम १५२ आहे आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शब्द गेला की वजनही गेलं असं समजू नका.

सिनेमा आणि नाटक

हे थोडक्यात सांगतो. पेपर आधी दाखवावा लागत नाही, सिनेमा लागतो. कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर असतो, तो गाडी बघून ग्रेड लावतो, ते झालं सर्टिफिकेट, लहानांनी बघायचा की मोठ्यांनी. पण तो म्हणाला की वरचा कापूस काढून टाक तरच गाडी आत घेतो, तर ते सेन्सॉर. १९८३ मध्ये बोर्डाच्या नावातून 'सेन्सॉर' काढून 'प्रमाणन' घातलं, लोक अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतात आणि कात्री चालते तोवर म्हणणार. नाटकांसाठी इंग्रजांनी १८७६ मध्ये कायदा केला, त्यांनी खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी घातली कारण कीचकात लोकांना व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसत होता. महाराष्ट्रात आजही नाटकाची संहिता प्रयोगाआधी मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. ज्या भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या मंडपात रात्रभर नाटकं चालतात तिथल्या प्रेक्षकाला काय बघायचं ते कळत नाही असं मला तरी वाटत नाही.

मग ग्रुपचं काय?

ॲडमिनने मेसेज काढला ही कायद्याच्या अर्थाने सेन्सॉरशिप नाही. ग्रुप त्याचा, उद्या तुम्ही दुसरा ग्रुप काढू शकता. त्याची भीतीही समजून घेतली पाहिजे. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की ग्रुपवर काही आलं तर केस ॲडमिनवर होते. हे अर्धवट ऐकलेलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका केसमध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे, की दुसऱ्या मेंबरने टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिनला नुसता ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, त्याचाही त्यात संगनमताचा हेतू असला तर गोष्ट वेगळी.

पण ॲडमिनला जर पंचायतीतून कोणी फोन करून सांगितलं असेल की काढून टाक, तर गोष्ट बदलते. तेव्हा खुर्चीने दुसऱ्याच्या हाताने गेट बंद केलं असं होतं. म्हणून कोणी अडवलं एवढंच विचारून भागत नाही, कोणाच्या सांगण्यावरून अडवलं तेही विचारावं लागतं.

कोणी अडवत नाही, तरी बातमी येत नाही

हे मला स्वतःच्या अनुभवातून सांगायचं आहे. तालुक्याच्या वार्ताहराला पगार बहुतेक नसतोच. वाढदिवसाच्या, दिवाळीच्या जाहिराती आणायच्या आणि त्यावर कमिशन, त्यातच पेट्रोल. मी एकदा रेशनच्या धान्याची बातमी पाठवली होती, वजनासकट, लोकांच्या सह्यांसकट. आली नाही. फोन केला तर सांगितलं, त्यांची दिवाळीची अर्ध्या पानाची जाहिरात आहे ना रे. कोणी धमकी दिली नाही, कोणी सरकारी आदेश काढला नाही. पुढच्या वेळी तशी बातमी पाठवताना माझाच हात अडखळला, आणि ते मला आजपर्यंत खुपतं. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांना मी रस्त्यात रोज भेटतो.

हेही जुनंच आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. ज्या पेपरने सरकारशी लढून तुरुंग भोगला त्याच्याच दारात दुसऱ्याचा आवाज अडला. इंग्रज सरकारचा त्यात काही संबंध नव्हता. मुक्यांचा नायक हे नाव का ठेवावं लागलं ते ह्यावरून समजतं.

तो १५१ नंबर पण इथेच समजून घेऊ. एक आंतरराष्ट्रीय पत्रकार संघटना दर वर्षी १८० देशांची यादी काढते, २०२४ मध्ये आपण १५९ वर होतो, २०२५ मध्ये १५१ वर. त्यात राजकीय दबाव, कायदे, पैशाची स्थिती, समाजाचा दबाव आणि पत्रकारांची सुरक्षितता असे पाच भाग धरतात, प्रश्नावलीवरून आणि हल्ल्यांच्या नोंदींवरून. नंबरावर वाद घाला, मोजमाप परफेक्ट नाहीच. पण पैशाची स्थिती त्यात का धरली ते मला आठ वर्षांत नीट समजलं आहे.

"आपल्याले काय करायचं त्याचं, आपण शेतकरी माणूस"

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवलं आहे की जिथे निवडणुका होतात आणि पेपर मोकळे असतात तिथे मोठा दुष्काळबळींचा प्रसंग येत नाही, कारण माणसं मरायला लागली की बातमी येते आणि सरकारला धावावं लागतं. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो लोक उपाशी मेले. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने त्या ऑगस्टमध्ये मेलेल्या माणसांचे फोटो छापले तेव्हा कुठे जगाला कळलं. चिमूरच्या बातमीवरची बंदी उठली तेच वर्ष.

आणि लांब कशाला जा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात. पहिल्यांदा ते एकेकटे मरत होते. ह्या गावात एक, त्या गावात एक, प्रत्येक घराला वाटलं आपल्याच माणसाने तोंडाला फडकं बांधलं नसेल. बातम्या एकापुढे एक येत गेल्या तेव्हा दिसलं की हे एकट्याचं नाही, मग सरकारने एसआयटी म्हणजे विशेष चौकशी पथक नेमलं, मग फवारणीच्या सुरक्षेबद्दल गावोगावी सांगणं सुरू झालं. ती बातमी कोपऱ्यातच राहिली असती तर पुढच्या हंगामात आणखी किती गेले असते?

नळाच्या टाकीचं कात्रण आता मी पानठेल्याच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे, ठेलेवाल्याला विचारून. आणि माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, टाकीचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलाच्या प्रती मागितल्या आहेत. ३० दिवसांची मुदत असते, आज अकरावा दिवस. कात्रण टाकणारा पोरगा रोज येऊन विचारतो, "आलं का, भाऊ?" काकांनी त्याला परवा चिमूरला बालाजी रायपूरकरबद्दल सांगायला न्यायचं कबूल केलं आहे, पहिल्या गाडीने जाऊन दुपारच्या गाडीने परत.